जांभळाच्या पानातली चांदी : ऐरोली–वाशी प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर २०२४

विषय आज नक्की झाला. पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण (मीटरच्या अब्जांशात मोजायचे इतके बारीक कण) करायचे आणि ते जिवाणूंवर व रासायनिक क्रियेच्या वेगावर काय परिणाम करतात ते पाहायचं. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प, मार्चअखेर वही सादर करायची.

विषय जुना आहे, हे आमच्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जिरेनियमच्या आणि २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांपासून हे करून दाखवलं. त्यानंतर तुळस, पेरू, आंबा, शेवगा, कितीतरी झाडं वापरून झाली. मग आपण नवीन काय करणार, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नवीन झाड शोधत बसू नकोस. दिसतंय ते काम नक्की कोण करतंय, तेवढं शोध." तेव्हा ते मला फारसं कळलं नाही. तरी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

झाड म्हणून माझ्या मनात तिवर होती. मी ऐरोलीची. शाळेत असताना आम्हाला खाडीवरच्या सागरी जैवविविधता केंद्रात नेलं होतं, तेव्हापासून तिवरांबद्दल आपलेपणा आहे. पण ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय पान तोडायचं नाही, आणि माझ्या प्रकल्पासाठी ती मागावी असंही वाटलं नाही. शिवाय एक रासायनिक अडचण आहे. तिवर खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकते. उन्हात पानावर मिठाचे कण बोटाला लागतात. मीठ म्हणजे क्लोराइड, आणि क्लोराइड भेटलं की चांदी पांढरी होऊन खाली बसते.

म्हणून जांभूळ. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मोठं झाड आहे आणि पावसाळ्यानंतर छाटलेल्या बाजूला नवी पालवी आली आहे. जांभळाच्या पानात टॅनिन, गॅलिक आम्ल, फ्लेव्होनॉइड भरपूर. चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देणारे तेच, आणि तयार झालेल्या कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू न देणारेही बहुतेक तेच.

९ डिसेंबर

सिल्व्हर नायट्रेट १७ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात : १ मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे मोलचा हजारावा भाग. तपकिरी बाटलीत, वर काळा कागद. पाने १० ग्रॅम, नळाखाली तीनदा धुतली, मग डिस्टिल्ड पाण्यातून एकदा काढली, कात्रीने बारीक केली. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ८० अंशांवर २० मिनिटं. मलमलीतून आणि मग व्हॉटमन नंबर १ कागदातून गाळलं. अर्क फिकट सोनेरी, वास ओल्या चिंचोक्यासारखा.

१० मिलिलिटर अर्क, ९० मिलिलिटर सिल्व्हर नायट्रेट. घड्याळ लावून बसलो. सात मिनिटांनी पिवळी झाक, वीस मिनिटांनी मधासारखा रंग, तासाभराने गडद तपकिरी. माझी प्रकल्पातली जोडीदार कळव्याहून येते, तिची गाडी चुकत होती, तरी ती रंग पूर्ण उतरेपर्यंत थांबली. लॅबमधले मामाही येऊन पाहून गेले.

हा रंग चांदीच्या मुक्त इलेक्ट्रॉनांच्या एकत्र हेलकाव्यांचा. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असले की ठरावीक तरंगलांबीला सगळे इलेक्ट्रॉन एका तालात हलतात आणि तेवढाच प्रकाश गिळतात. चांदीसाठी ती साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटर, सोन्यासाठी ५२० च्या आसपास. म्हणून सोन्याचं द्रावण माणकासारखं लाल दिसतं. फॅरडेने सोन्याच्या अशा लाल द्रावणांबद्दल १८५७ मध्ये सांगितलं आणि त्यामागचं गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडलं.

१० डिसेंबर

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती गिळला ते मोजणारं यंत्र) ४३८ नॅनोमीटरला शिखर. रुंद आहे, म्हणजे आकार एकसारखे नाहीत. ब्लँक म्हणून तितकाच विरळ केलेला अर्क घेतला. नुसतं पाणी घेतलं असतं तर अर्काचा पिवळेपणाही चांदीच्या खात्यात गेला असता.

बाटलीच्या तळाशी करडट-पांढरा थर दिसतो. जोडीदार म्हणाली पानाचा चोथा असेल. नोंद केली, पुढे गेलो.

१९ डिसेंबर

पाच खेपा केल्या. शिखर ४३२ ते ४४१ च्या दरम्यान. पांढरा थर पाचही वेळा. वाळवलेली पूड क्ष-किरण विवर्तनासाठी, म्हणजे त्यात कुठले स्फटिक आहेत ते ओळखायला, बाहेर पाठवली.

६ जानेवारी २०२५

आलेख आला. चांदीची चार शिखरं जागेवर : ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंश. पाहून बरं वाटलं. पण २७.८, ३२.२ आणि ४६.२ लाही शिखरं आहेत, आणि ३२.२ चं तर चांदीच्या मुख्य शिखराइतकंच उंच.

मी म्हटलं, पानातल्या कुठल्यातरी सेंद्रिय पदार्थाची असतील. वाचलेल्या दोन-तीन निबंधांत असल्या शिखरांना "अर्कातील जैव-सेंद्रिय स्फटिक" म्हणून सोडून दिलेलं मी पाहिलं होतं. मॅडमनी आलेख हातात घेतला आणि फक्त एवढंच विचारलं, "सिल्व्हर क्लोराइडची शिखरं कुठे येतात, पाहिलंस?"

पाहिलं. २७.८, ३२.२, ४६.२. तळाचा तो थर पानाचा चोथा नव्हता. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये क्लोराइड ओळखायला जी चाचणी करायचो, तीच महिनाभर बाटलीत होत होती आणि मी तिच्याकडे चोथा म्हणून पाहत होते.

८ जानेवारी

क्लोराइड कुठून आलं?

आधी गणित. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार (चांदी आणि क्लोराइडच्या तीव्रतांचा गुणाकार याच्या वर गेला की अवक्षेप) २५ अंशांना १.८ × १०⁻¹⁰. आपल्या मिश्रणात चांदी ०.९ मिलिमोलर. भागून येतं : क्लोराइड लिटरमागे फक्त ७ मायक्रोग्रॅम झालं की अवक्षेप सुरू. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे. नळाचं पाणी कितीही चांगलं असलं तरी त्यातलं क्लोराइड मिलिग्रॅममध्येच मोजलं जातं. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं पाणी प्यायला उत्तम आहे. चांदीच्या हिशेबात ते खारंच.

मग चाचण्या. परीक्षानळीत डिस्टिल्ड पाणी आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब : स्वच्छ. नळाचं पाणी : लगेच दुधट. नळाखाली धुऊन एकदाच डिस्टिल्डमधून काढलेल्या पानांचं धुणं : दुधट. पाच वेळा डिस्टिल्डमध्ये धुतलेल्या पानांचं शेवटचं धुणं : जवळजवळ स्वच्छ. इथे प्रश्न सुटला असं वाटलं होतं. पण त्याच पानांचा अर्क काढून त्यात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेट घातलं तर तरीही गढूळपणा आला, पहिल्यापेक्षा कमी. पानाच्या रसात स्वतःचं क्लोराइड असतं. ते धुऊन जाणार कसं?

याचा अर्थ, पानाच्या अर्कातून चांदी करायची तर थोडं सिल्व्हर क्लोराइड होणार हे धरूनच चालायला हवं. ते लपवण्यासारखं नाही, मोजण्यासारखं आहे.

१३ जानेवारी

सिल्व्हर क्लोराइड अमोनियात विरघळतं, धातुरूप चांदी सहज विरघळत नाही. कण खाली बसवून सौम्य अमोनियाने एकदा आणि डिस्टिल्डने तीनदा धुवायचं ठरलं. मॅडमनी बजावून सांगितलं : अमोनियातलं चांदीचं द्रावण कधीही साठवून ठेवायचं नाही, वाळू द्यायचं नाही. त्यातून स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. म्हणून धुणं निघालं की त्याच मिनिटाला त्यात सौम्य नायट्रिक आम्ल, क्लोराइड परत खाली. मामांनी त्यासाठी वेगळी बरणी लेबल लावून दिली.

आज सामूही (पीएच) पाहिला. अर्काचा मूळ सामू ४.९, तिथे क्रिया संथ. सामू ८ केला तर पाच मिनिटांत रंग गडद आणि शिखर ४१५ ला, आधीपेक्षा अरुंद : कण लहान आणि सारखे. सामू ११ ला तर क्षणात तपकिरी. जोडीदाराला हाच सामू घ्यायचा होता. पण अर्क न घातलेली, नुसती सिल्व्हर नायट्रेट आणि अल्कलीची कंट्रोल बाटलीही तपकिरी झाली! ते सिल्व्हर ऑक्साइड. त्यात पानाचा काही संबंध नाही. आम्ही ८ वर थांबलो.

कंट्रोलची बाटली ठेवायला दोन मिनिटं लागतात. ती नसती तर सामू ११ चा निकाल आम्ही प्रबंधात अभिमानाने छापला असता. उद्या संक्रांत, लॅब बंद.

२३ जानेवारी

आमच्या विभागाचा सेंट्रिफ्यूज मिनिटाला ४००० फेऱ्यांचा. अर्धा तास फिरवूनही द्रावण तसंच तपकिरी, इतके लहान कण तेवढ्या वेगाने बसत नाहीत. जैवतंत्रज्ञान विभागात १२,००० फेऱ्यांचा आहे, पण त्यात दीड मिलिलिटरच्या नळ्या, एका वेळी चोवीस. दुपारी दोन ते सहा आम्ही नळ्या भरत, काढत, धूत होतो. तिथल्या पीएच.डी. करणाऱ्या ताईंनी स्वतःचं काम पुढे ढकलून मशीन दिलं, त्यांचे आभार प्रबंधात पहिल्या ओळीत.

वर उरलेलं पाणी, म्हणजे निवळ, मी फेकलं नाही. त्यात किती चांदी आयन म्हणून शिल्लक आहे हे पाहायचं होतं. मॅडमचा प्रश्न आता मला नीट कळायला लागला आहे : सगळी चांदी कण झाली नसेल, तर पुढच्या प्रयोगात काम कणांचं की उरलेल्या आयनांचं?

आधी चांदी मोजण्याची व्होलहार्ड पद्धत करून पाहिली, थायोसायनेट आणि दर्शक म्हणून फेरिक अलम. अलम घालताच निवळ शाईसारखी निळी-काळी. टॅनिन आणि लोह यांची शाई पूर्वी अशीच करत. अंत्यबिंदू दिसणं अशक्य. मग भौतिक रसायनाच्या प्रॅक्टिकलमधला पोटेन्शिओमीटर (विद्युतदाब मोजणारं यंत्र, अंत्यबिंदूला आकडा उडी मारतो) काढला, चांदीच्या तारेचा इलेक्ट्रोड, ब्युरेटमध्ये ०.००५ मोलर पोटॅशियम आयोडाइड. क्लोराइड घेतलं नाही, कारण इतक्या विरळ द्रावणात त्याची उडी पुसट येते. सिल्व्हर आयोडाइड कितीतरी कमी विद्राव्य, त्यामुळे उडी स्पष्ट. २५ मिलिलिटर निवळीला १.०५ मिलिलिटर लागलं. हिशेब : मूळ चांदीपैकी सुमारे २३ टक्के अजून आयन.

तीनदा केलं. २३, २४, २२.

धुतलेल्या पुडीचा नवा आलेख ३१ तारखेला मिळेल म्हणतात.

१ फेब्रुवारी

आलेख काल संध्याकाळी आला. क्लोराइडची शिखरं गेली, २७.८ आणि ४६.२ पूर्ण, ३२.२ ला नुसता उंचवटा. ३८.१ च्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.५८ अंश, शेरर सूत्राने स्फटिकाचा आकार साधारण १४ नॅनोमीटर. हा स्फटिकाचा आकार आहे, कणाचा नव्हे. एका कणात एकाहून अधिक स्फटिक असू शकतात. कणाचा आकार पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पवईला आयआयटीच्या उपकरण केंद्रात एका नमुन्याची नोंदणी केली आहे. पैसे एकाच नमुन्यापुरते आहेत.

५ फेब्रुवारी

जिवाणूंचं काम सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, त्यांच्या देखरेखीखाली. आम्ही रसायनवाल्यांनी जिवंत प्लेटला हात लावायचा नाही, हे बरोबरच आहे. ई. कोलाय (एटीसीसी २५९२२) आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस (एटीसीसी २५९२३). म्युलर-हिंटन अगार (जिवाणू वाढवायचं जेल), ०.५ मॅकफारलंड या मापाइतकी गढूळ पेरणी, ६ मिलिमीटरच्या खाचा, प्रत्येकीत ५० मायक्रोलिटर. ३७ अंशांना एक रात्र.

काय काय घालायचं यावर सोमवारी आमचा वाद झाला होता. जोडीदाराचं म्हणणं : नॅनोकण, पाणी आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची चकती, सगळे एवढंच करतात. माझा आग्रह होता की आणखी चार हवेत : नुसता अर्क, ०.९ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट, सेंट्रिफ्यूजची निवळ, आणि न धुतलेलं मूळ द्रावण. प्लेटा दुप्पट, खर्च दुप्पट. विभागातल्या बाईंनी माझी बाजू घेतली.

आज सकाळी खाचांभोवतीची, जिवाणू न वाढलेली वलयं मोजली. ई. कोलायवर, खाचेसकट व्यास : न धुतलेलं द्रावण १४ मिलिमीटर. सिल्व्हर नायट्रेट १६. निवळ १२. धुतलेले कण ९. अर्क काहीच नाही. स्टॅफिलोकॉकसवर क्रम तोच, आकडे थोडे लहान, मात्र नुसत्या अर्कानेही ८ चं वलय दिलं. टॅनिनचं ते काम.

बराच वेळ मी पट्टी घेऊन तशीच बसले. १४ चा आकडा नुसता पाहिला असता तर "जांभळाच्या पानातील नॅनोकणांचा प्रभावी परिणाम" असं लिहून मोकळी झाले असते. प्रत्यक्षात त्या १४ मधला मोठा वाटा उरलेल्या आयनांचा. पडताळा म्हणून बाईंनी ०.२१ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे आपले ते २३ टक्के, वेगळ्या प्लेटवर घालून ठेवलं आहे.

६ फेब्रुवारी

०.२१ मिलिमोलरचं वलय १२ मिलिमीटर. निवळीइतकंच.

जोडीदार गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आपले कण निकामी?" नाही, तसंही म्हणता येत नाही. अगारमध्ये वलय पडायचं तर पदार्थ जेलमधून पसरावा लागतो. आयन सहज पसरतो. कण, त्यात त्याच्याभोवती पानातल्या रेणूंचं आवरण, खाचेतच अडकून राहतो. वलय मारण्याची ताकद मोजत नाही, पसरण्याची आणि मारण्याची बेरीज मोजतं. कणांना न्याय द्यायचा तर द्रवात मोजायला हवं.

११ फेब्रुवारी

द्रव माध्यमात विरलन. धुतलेल्या कणांतली चांदी मिलिलिटरमागे ४०, २०, १०, ५ मायक्रोग्रॅम. कणांचा स्वतःचाच रंग असल्यामुळे नळी गढूळ की नुसती तपकिरी हे डोळ्यांनी ठरवता येईना, म्हणून प्रत्येक नळीतून थेंब घेऊन प्लेटवर ठेवला. ई. कोलाय २० ला वाढला नाही, १० ला वाढला. स्टॅफिलोकॉकस ४० ला वाढला नाही, २० ला विरळ वाढला. ग्रॅम-ऋण जिवाणूची (ई. कोलाय) पेप्टिडोग्लायकनची भिंत पातळ, ग्रॅम-धनाची (स्टॅफिलोकॉकस) कितीतरी पट जाड. फरकाचं एक कारण ते असावं.

म्हणजे कण काम करतात. हळू, आणि बहुधा तेही पृष्ठभागावरून थोडे थोडे आयन सोडूनच. आयन जिवाणूच्या प्रथिनांतल्या गंधकाच्या गटांना धरतो आणि ती प्रथिनं निरुपयोगी होतात. कण म्हणजे आयनांची कोठी म्हणायला हवी. प्रबंधात मी हेच लिहिणार आहे, आणि ९ मिलिमीटरचा आकडा १४ च्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरात.

पवईहून छायाचित्रं आली. बहुतेक कण गोल, १० ते २५ नॅनोमीटर, आणि कडेला फिकट धूसर पापुद्रा : जांभळाचं पान.

१७ फेब्रुवारी

उत्प्रेरकाचं काम सुरू. पहिल्यांदा मिथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य, कारण ते हाताशी होतं. क्षपण करणारं, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं, सोडियम बोरोहायड्राइड ताजं, बर्फात ठेवलेल्या पाण्यात. पाण्यातही ते हळूहळू हायड्रोजन सोडतं, म्हणून झाकण सैल आणि आम्ल लांब.

६६४ नॅनोमीटरचं शिखर कण घातल्यावर चार मिनिटांत नाहीसं. निळं पाणी पारदर्शक. सारांशात मी डिसेंबरमध्येच लिहून ठेवलं होतं, "औद्योगिक सांडपाण्यातील रंगद्रव्यांचे विघटन". ठाणे-बेलापूर रस्त्यावरून लहानपणापासून ये-जा केलेल्या माणसाला हे वाक्य लिहिताना किती बरं वाटतं ते सांगता येणार नाही. रबाळे, महापे, तुर्भे, पावणे ही स्टेशनांची आणि बसथांब्यांची नावं आमच्यासाठी आधी कारखान्यांची नावं आहेत, आणि तिथलं सगळं पाणी शेवटी खाडीकडेच उतरतं.

१८ फेब्रुवारी

क्युव्हेट (स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये द्रावण ठेवायची पारदर्शक कुपी) रात्रभर उघडं राहिलं होतं. आज सकाळी त्यात निळा रंग.

शिखर पुन्हा ६६४ ला, कालच्या सुरुवातीच्या उंचीच्या जवळपास ८० टक्के. रेणू तुटलाच नव्हता. बोरोहायड्राइडने त्याचं क्षपण होऊन बिनरंगी ल्यूको रूप झालं होतं. रात्रीत बोरोहायड्राइड संपलं, हवेतल्या ऑक्सिजनने रंग परत दिला. बाटली हलवून निळा रंग आणण्याचा प्रयोग शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत करतात, त्यामागे हेच असतं.

सारांशातलं "विघटन" खोडून "क्षपण" केलं. सांडपाण्याचं वाक्य पूर्ण काढलं. वाईट वाटलं, पण ते वाक्य आमच्या क्युव्हेटने सिद्ध केलेलं नाही, आणि खाडीच्या बाबतीत तर मला खोटं लिहायचं नाहीच.

२४ फेब्रुवारी

आता ४-नायट्रोफिनॉल. इथे क्रिया एकाच दिशेने जाते, ४-अमिनोफिनॉल होतं, आणि ते पॅरासिटामॉल बनवताना लागणारं मधलं संयुग आहे. म्हणजे तयार झालेलंही उपयोगाचं. नायट्रोफिनॉल विषारी, हातमोजे आणि वाफा खेचणाऱ्या हूडशिवाय नाही.

नायट्रोफिनॉलचं शिखर ३१७ ला असतं. बोरोहायड्राइड घातलं की अल्कलीमुळे आयन होऊन ४०० ला जातं, द्रावण गडद पिवळं. आता त्याचं क्षपण ऊर्जेच्या हिशेबाने व्हायला हवं, पण उत्प्रेरकाशिवाय होत नाही. आमच्याकडे अर्ध्या तासात १.७९ चं १.७७, बस. नुसत्या अर्कानेही तेच.

अडचण अशी की चांदीचं स्वतःचं शिखरही ४०० च्या शेजारीच. म्हणून नायट्रोफिनॉल नसलेलं, कण आणि बोरोहायड्राइड असलेलं क्युव्हेट वेगळं मोजून तो आकडा प्रत्येक रीडिंगमधून वजा केला. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही, मग उतार सुरू. दुसऱ्या मिनिटाला १.७४, बाराव्याला ०.२९. ३०० च्या जवळ अमिनोफिनॉलचं लहान शिखर वर येताना दिसलं. लघुगणक काढून आलेख मांडला तर बिंदू रेषेवर बसतात. वेग स्थिरांक मिनिटाला ०.१८.

हे सगळं धुतलेल्या कणांनी. न धुतलेल्या द्रावणाने वेग जवळजवळ दुप्पट आला. डिसेंबरमधली मी असते तर तोच आकडा घेतला असता. पण आज आधी कंट्रोल लावला होता : कण नाहीत, अर्क नाही, फक्त ०.२१ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटचे तितकेच थेंब. तोही क्युव्हेट बिनरंगी झाला! बोरोहायड्राइड स्वतः जोरदार क्षपणकारक; आयन दिसताच तो त्याची तिथल्या तिथे चांदी करतो आणि ती ताजी, नागडी चांदी क्रिया चालवते. म्हणजे न धुतलेल्या द्रावणातला जास्तीचा वेग पानाने केलेल्या कणांचा नव्हता, क्युव्हेटमध्ये बोरोहायड्राइडने केलेल्या कणांचा होता.

मॅडमना दाखवलं. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि चहा मागवला.

कण परत गोळा करून दुसऱ्या फेरीत ०.१३, तिसऱ्या फेरीत ०.०७. घसरण मोठी आहे. सेंट्रिफ्यूजमध्ये कण एकमेकांना चिकटत असावेत. शिखरही ४१५ वरून ४४० कडे सरकलं. "पुनर्वापरयोग्य" हा शब्द वापरणार नाही.

३ मार्च

"हरित" या शब्दावर आज दिवसभर अडून बसलो. ॲनास्टास आणि वॉर्नर यांची हरित रसायनाची बारा तत्त्वं १९९८ ची. मॅडमनी एकेक तत्त्व घेऊन आमची कृती तपासायला लावली. कण बनवताना हायड्रॅझिन किंवा बोरोहायड्राइड लागलं नाही, द्रावक पाणी, तापमान साधं : तिथवर हरित. पण क्लोराइड काढायला अमोनिया, आणि उत्प्रेरक तपासायला पुन्हा बोरोहायड्राइडच. आम्ही शीर्षक "हरित पद्धतीने निर्मिती" एवढंच ठेवलं आणि पुढच्या भागाला तो शब्द लावला नाही. जोडीदाराने तुलनेसाठी सायट्रेटची गोष्टही काढली : टर्केविचची १९५१ ची सोन्याची पद्धत सायट्रेटनेच चालते, आणि सायट्रेट काही विष नाही. खरं आहे. पान वापरलं म्हणून आपली पद्धत आपोआप वरचढ ठरत नाही, आणि पानाचा अर्क ऋतूगणिक बदलणार ही तर आमची उणी बाजू. पान वाया जाणारं होतं, छाटणीतलं होतं, एवढं मात्र आमच्या बाजूने.

१० मार्च

टाकाऊ चांदीचा हिशेब. तीन महिन्यांत साठ खेपा, सिल्व्हर नायट्रेट १.०२ ग्रॅम, म्हणजे ०.६५ ग्रॅम चांदी. जिवाणूंना मारणारा पदार्थ बेसिनमधून सोडला तर तो पुढे खाडीच्या चिखलात कुणाला मारेल हा प्रश्न आम्ही पहिल्या आठवड्यातच मामांना विचारला होता, तेव्हापासून प्रत्येक निवळ आणि धुणं बरणीत जमा. न वापरलेले कण सौम्य नायट्रिक आम्लात विरघळवले, सगळ्यात मीठ घालून सिल्व्हर क्लोराइड खाली बसवलं. डिसेंबरमध्ये नकोसा झालेला तो पांढरा थर यावेळी मुद्दाम. मग सोडियम हायड्रॉक्साइड आणि ग्लुकोज घालून गरम केलं. पांढरं आधी तपकिरी, मग करडं. धुतलं, वाळवलं, तोललं.

०.५१ ग्रॅम.

बाकीची कुठे गेली ते शोधतोय. नळ्यांच्या भिंतींवरचा चंदेरी थर आणि गाळणकागद हे माझे पहिले संशयित. जिवाणूंच्या प्लेटा ऑटोक्लेव्ह होऊन वेगळ्या गेल्या, त्यात फार थोडी.

चांदी परत नायट्रिक आम्लात विरघळवून तपकिरी बाटलीत भरली. पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी कपाटात ठेवायला मामांकडे दिली. लेबलवर तीव्रता, तारीख, आणि खाली लाल शाईने : पाने डिस्टिल्ड पाण्यातच धुवा, निवळ फेकू नका.